विश्लेषण : विमानासाठीचे इंजिन मोटारसायकलवर... १९०७ मध्ये ताशी २१९ किमी वेग गाठणारे ग्लेन कर्टिस कोण होते?

जुन्या मोटारसायकलचे मूळ इंजिन उतरवायचे आणि त्या जागी दुसरे, जास्त ताकदीचे इंजिन बसवायचे, याला गॅरेजच्या भाषेत ‘इंजिन स्वॅप’ म्हणतात. हौशी बायकर्समध्ये या प्रकाराचे आकर्षण मोठे आहे. मात्र याची सर्वात टोकाची आवृत्ती १९०७ मध्येच अमेरिकेतील एका समुद्रकिनाऱ्यावर धावली होती. आठवीपर्यंत शिकलेल्या एका सायकल दुकानदाराने विमानासाठी बनवलेले आठ सिलिंडरचे इंजिन दुचाकीवर बसवले आणि ताशी २१९ किलोमीटरचा वेग गाठला.

त्यांचे नाव ग्लेन हॅमंड कर्टिस. पुढे ते अमेरिकेतील सर्वात मोठ्या विमान उत्पादकांपैकी एक झाले. राइट बंधूंशी त्यांची अनेक वर्षे न्यायालयीन लढाई चालली. इंजिन एका सांगाड्यातून दुसऱ्यात नेण्याचे कसब हीच त्यांच्या यशाची किल्ली होती. त्यांच्या नावाला लागलेला सर्वात मोठा डागही याच कसबातून आला. तो कसा, हे जाणून घेऊया.

ग्लेन कर्टिस यांचे बालपण कसे गेले?

कर्टिस यांचा जन्म २१ मे १८७८ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हॅमंड्सपोर्ट या छोट्या गावात झाला. क्यूका तलावाच्या काठावरचे हे गाव द्राक्षबागा आणि वाइनसाठी ओळखले जाते. वडील घोड्यांचा साज बनवण्याचे काम करत. ग्लेन पाच वर्षांचे होण्याआधीच वडिलांचे निधन झाले. धाकटी बहीण रुथा हिला मेंदूज्वर झाला आणि तिची श्रवणशक्ती गेली. तिला मूकबधिरांच्या शाळेत शिकता यावे म्हणून आई रॉचेस्टर शहरात राहायला गेली.

घरच्या परिस्थितीमुळे ग्लेन यांचे शिक्षण आठवीनंतर थांबले. रॉचेस्टरमध्ये त्यांनी ‘ईस्टमन’ कंपनीत, म्हणजेच पुढे ‘कोडॅक’ नावाने जगप्रसिद्ध झालेल्या फिल्म कंपनीत काम केले. फिल्मच्या मागच्या कागदावर आकडे छापण्याचे काम हाताने चालत असे. ते झटपट व्हावे म्हणून या मुलाने एक साधन तयार केले. त्यानंतर ते तारा पोहोचवणारे निरोपे झाले. दिवसभर सायकलवर फिरण्याची ही नोकरी त्यांना वेगाची गोडी लावून गेली आणि ते सायकल शर्यतींमध्ये उतरू लागले.

१८९८ मध्ये लीना नेफ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हॅमंड्सपोर्टला परतून त्यांनी सायकल विक्री आणि दुरुस्तीचे दुकान थाटले. त्यांचा पहिला मुलगा तान्हेपणीच गेला. त्याच काळात दुकानाच्या मागच्या बाजूला सायकलला इंजिन लावण्याचे प्रयोग सुरू झाले होते.

टोमॅटोच्या डब्यापासून कार्ब्युरेटर कसा बनला?

१९०१ च्या सुमारास मोटारसायकल तयार विकत मिळणे सोपे नव्हते. कर्टिस यांनी बफेलो शहरातून इंजिनाच्या ओतीव भागांचा संच मागवला. संचासोबत ना सूचना होत्या, ना कार्ब्युरेटर. पेट्रोल आणि हवा यांचे योग्य मिश्रण तयार करून सिलिंडरला पुरवणे हे कार्ब्युरेटरचे काम. तो नसेल तर इंजिन म्हणजे नुसता लोखंडाचा ठोकळा. कर्टिस यांनी टोमॅटोचा रिकामा डबा घेतला, त्यात बारीक जाळी बसवली आणि कामचलाऊ कार्ब्युरेटर तयार केला. पेट्रोल जाळीवर पसरायचे, त्याची वाफ हवेत मिसळून इंजिनात जायची.

पहिले इंजिन फार अशक्त निघाले. दुसरे मागवले तर ते ताकदवान होते, पण सायकलच्या फ्रेमला न पेलणारे वजनदार. इंजिन स्वॅप करणाऱ्या प्रत्येकाला भेटणारी ही पहिली अडचण आहे. फक्त ताकद वाढवून भागत नाही. प्रत्येक किलो वजनामागे किती हॉर्सपॉवर मिळते, हे महत्त्वाचे असते. कर्टिस यांना हे गणित पुस्तकातून नव्हे, तर धडपडत चालणाऱ्या गाडीवर बसून समजले. मग त्यांनी स्वतःच हलकी इंजिने तयार करायला सुरुवात केली आणि ‘हर्क्युलिस’ नावाने मोटारसायकली विकायला काढल्या.

१९०३ मध्ये दोन सिलिंडरच्या व्ही-ट्विन इंजिनावर त्यांनी एक मैल अंतरासाठी ताशी ६४ मैल, म्हणजे सुमारे १०३ किलोमीटरचा विक्रम केला. ते नुसते स्वार नव्हते. इंजिनाचे आरेखन, जोडणी, चाचणी आणि शर्यत ही सगळी कामे एकाच माणसाकडे होती. गाडीत कुठे काय बिघडते, हे त्यांना हँडलवर बसूनच कळत असे.

मोटारसायकलचे इंजिन आकाशात कसे गेले?

हलक्या इंजिनांची कीर्ती पसरली आणि १९०४ मध्ये वेगळाच ग्राहक समोर आला. थॉमस बाल्डविन हे हवाई कसरतींसाठी प्रसिद्ध होते. त्यांना हायड्रोजन भरलेल्या लांबट फुग्याखाली, म्हणजे एअरशिपखाली बसवण्यासाठी इंजिन हवे होते. तेव्हाची बहुतेक इंजिने इतकी जड होती की फुग्याची निम्मी उचलशक्ती त्यांच्यावरच खर्च व्हावी. कर्टिस यांच्या मोटारसायकलचे इंजिन मात्र हलके होते आणि भरवशाचेही. ते बसवलेल्या ‘कॅलिफोर्निया ॲरो’ या एअरशिपने ऑगस्ट १९०४ मध्ये ओकलंड येथे यशस्वी उड्डाण केले. त्याच वर्षी सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनातही ते झळकले.

म्हणजे कर्टिस यांच्या आयुष्यातला पहिला मोठा स्वॅप उलट्या दिशेचा होता. रस्त्यावरचे इंजिन आकाशात गेले. या यशानंतर हवाई प्रयोग करणारे अनेक जण हॅमंड्सपोर्टचा पत्ता विचारू लागले. स्वतः कर्टिस यांना सुरुवातीला विमानांची विशेष ओढ नव्हती. इंजिनांना नवे गिऱ्हाईक मिळाले, एवढेच त्यांच्या दृष्टीने महत्त्व होते. त्यांनी राइट बंधूंनाही इंजिन देऊ केले होते आणि १९०६ मध्ये बाल्डविन यांच्यासोबत डेटन येथे त्यांची भेटही घेतली होती. या भेटीचे पडसाद पुढे न्यायालयापर्यंत उमटणार होते.

आठ सिलिंडरचे इंजिन दुचाकीवर का बसवले?

विमानांसाठी आणखी ताकद हवी होती. म्हणून कर्टिस यांनी हवेने थंड होणारे, चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा असलेले व्ही-८ इंजिन तयार केले. त्याची क्षमता सुमारे चार लिटर आणि ताकद सुमारे ४० हॉर्सपॉवर होती. प्रश्न होता चाचणीचा. हे इंजिन पूर्ण भार घेऊन किती टिकते, हे कळायला हवे होते. त्यांच्या हाताशी सर्वात सोयीचा उपाय होता, तो म्हणजे मोटारसायकल.

पण नेहमीच्या मोटारसायकलमध्ये हे इंजिन मावणारच नव्हते. त्यामुळे इंजिनासाठी खास लांब आणि मजबूत नळ्यांची फ्रेम बनवण्यात आली. नेहमीच्या स्वॅपमध्ये फ्रेमला साजेसे इंजिन शोधतात. इथे इंजिनाभोवती दुचाकी उभी केली गेली. इंजिन दोन चाकांच्या मधोमध आणि स्वार पार मागे, मागच्या चाकाजवळ बसणार. तिथून हँडलपर्यंत हात पोहोचावेत म्हणून हँडलच्या दांड्या मागे लांबवलेल्या होत्या.

दुसरी अडचण होती ताकद चाकापर्यंत नेण्याची. एवढ्या जोरापुढे त्या काळचे पट्टे किंवा साखळ्या टिकण्याची शाश्वती नव्हती. शिवाय या इंजिनाचा क्रँकशाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने होता. त्यामुळे मागच्या चाकापर्यंत थेट फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट नेला गेला आणि चाकाशी बेव्हल गिअर बसवून फिरण्याची दिशा ९० अंशांत वळवली गेली. या रचनेत युनिव्हर्सल जॉइंट नावाचा एक छोटा सांधा होता. दोन दांडे अगदी सरळ रेषेत नसले तरी फिरत राहावेत, यासाठी तो असतो. गाडीचे वजन होते सुमारे १२५ किलो.

तुलनेसाठी, आज भारतात लोकप्रिय असलेल्या ३५० सीसी गटातील मोटारसायकली साधारण २० हॉर्सपॉवरच्या आणि १८० ते २०० किलो वजनाच्या असतात. म्हणजे कर्टिस यांच्या गाडीत त्यांच्या दुप्पट ताकद होती आणि वजन मात्र पाऊणपटीहूनही कमी.

२४ जानेवारी १९०७ रोजी काय घडले?

फ्लोरिडातील ऑर्मंड बीचवर ओहोटीच्या वेळी वाळू सपाट आणि कडक होते. तेव्हा पक्के, सरळ आणि लांब रस्ते दुर्मीळ असल्याने वेगाचे विक्रम या किनाऱ्यावर होत. १९०६ मध्ये याच किनाऱ्यावर वाफेवर चालणाऱ्या ‘स्टॅनली’ मोटारीने ताशी सुमारे २०५ किलोमीटरचा वेग नोंदवला होता.

२४ जानेवारी १९०७ रोजी २८ वर्षांचे कर्टिस व्ही-८ घेऊन किनाऱ्यावर उतरले. वेग पकडण्यासाठी आधी लांबवर धाव घ्यायची, मग मोजणीचा एक मैल आणि त्यानंतर थांबण्यासाठी अंतर, असा क्रम होता. मोजणीचा मैल त्यांनी २६.४ सेकंदांत पार केला. म्हणजे ताशी १३६.३६ मैल, सुमारे २१९ किलोमीटर. दर सेकंदाला जवळपास ६१ मीटर. अंगावर आजच्यासारखे हेल्मेट नाही, पुढे काच नाही आणि खाली सायकलच्या जातीची अरुंद चाके.

हा आकडा खरा वाटतो का, हे एका साध्या गणिताने पाहता येते. वेग वाढला की हवेच्या विरोधावर मात करण्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते. कर्टिस यांचा १९०३ चा विक्रम साधारण पाच हॉर्सपॉवरच्या इंजिनावर ताशी ६४ मैलांचा होता. १३६ मैल म्हणजे त्याच्या दुपटीपेक्षा थोडा अधिक वेग. त्यासाठी ४० ते ५० हॉर्सपॉवरची गरज निघते. व्ही-८ ची ताकद त्याच घरातली होती.

मग हा विक्रम अधिकृत का ठरला नाही?

कर्टिस यांनी दुसरी धाव सुरू केली, तेव्हा गाडी जोरात असतानाच युनिव्हर्सल जॉइंट तुटला. सुटलेला शाफ्ट फटके मारत फिरू लागला आणि फ्रेम वाकली. अशा वेळी स्वार फेकला जाण्याचीच शक्यता अधिक असते. कर्टिस यांनी मात्र तोल सांभाळत गाडी थांबवली आणि ते सहीसलामत खाली उतरले. त्याच हंगामात त्याच किनाऱ्यावर नवा विक्रम करण्याच्या प्रयत्नात ‘स्टॅनली’ मोटारीला भीषण अपघात झाला. तिचा चालक फ्रेड मॅरियट कसाबसा वाचला.

दुसरी धाव अपुरी राहिली. शिवाय आठ सिलिंडरची ही गाडी शर्यतीच्या कोणत्याही नियमित गटात बसत नव्हती. त्यामुळे अधिकृत विक्रमांच्या यादीत तिला जागा मिळाली नाही. तरीही वृत्तपत्रांनी कर्टिस यांना पृथ्वीवरील सर्वात वेगवान माणूस ठरवले. मोटारींना हा वेग ओलांडण्यासाठी १९११ पर्यंत थांबावे लागले. मोटारसायकलच्या अधिकृत विक्रमाला तर १९३० साल उजाडले.

अभियांत्रिकीच्या नजरेने पाहिले, तर या घटनेतला सर्वात मोठा धडा विक्रमाचा नसून तुटलेल्या सांध्याचा आहे. इंजिनाने आपले काम केले होते. हार मानली ती इंजिन आणि चाक यांच्यामधल्या एका लहान भागाने. इंजिन बदलले की त्याची ताकद फ्रेम, ब्रेक, चाके, बेअरिंग आणि सांधे अशा सगळ्यांना पेलावी लागते. जो दुवा सर्वात कच्चा, तोच आधी तुटतो.

त्याच इंजिनाने विमान कसे उडवले?

व्ही-८ ची किमया पाहिल्यावर टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी कर्टिस यांना आपल्या गटात घेतले. ऑक्टोबर १९०७ मध्ये ‘एरियल एक्सपेरिमेंट असोसिएशन’ स्थापन झाली. तिच्यासाठी पैसा दिला बेल यांच्या पत्नी मेबल यांनी. मेबल स्वतः कर्णबधिर होत्या. बहिणीमुळे कर्टिस यांनाही ऐकू न येणाऱ्या व्यक्तींशी बोलण्याची सवय होती. या दोन घरांमधला तो एक वेगळा धागा होता.

मोटारसायकलवर धावलेल्या त्याच जातीचे ४० हॉर्सपॉवरचे व्ही-८ इंजिन आता विमानांवर चढले. १२ मार्च १९०८ रोजी गोठलेल्या क्यूका तलावावरून या गटाचे ‘रेड विंग’ विमान सुमारे ९७ मीटर उडाले. त्यानंतर ‘व्हाइट विंग’ आणि मग कर्टिस यांनी आकार दिलेले ‘जून बग’. ४ जुलै १९०८ रोजी हॅमंड्सपोर्टमध्ये जमलेल्या लोकांसमोर कर्टिस यांनी ‘जून बग’ एक किलोमीटरहून अधिक अंतर उडवले आणि ‘सायंटिफिक अमेरिकन’ नियतकालिकाचा करंडक जिंकला. राइट बंधूंची उड्डाणे तोवर फार थोड्या लोकांनी पाहिली होती. त्यामुळे आधी जाहीर करून, सर्वांदेखत केलेल्या या उड्डाणाचे महत्त्व मोठे होते.

या विमानांमध्ये मोटारसायकलस्वाराची छाप स्पष्ट दिसते. विमान डावी-उजवीकडे कलते करण्यासाठी पंखांच्या टोकांना हलती पाती होती. ती वैमानिकाच्या खांद्यांशी जोडलेली असत. वळताना बाइकस्वार जसा झुकतो, तसे झुकले की पाती हलत.

ऑगस्ट १९०९ मध्ये फ्रान्समधील रीम्स येथे पहिला मोठा आंतरराष्ट्रीय हवाई मेळावा झाला. तिथे कर्टिस यांनी इंग्लिश खाडी ओलांडून नुकत्याच गाजलेल्या लुई ब्लेरिओ यांना अवघ्या काही सेकंदांनी मागे टाकून गॉर्डन बेनेट करंडक पटकावला. त्यांचा सरासरी वेग होता ताशी सुमारे ७५ किलोमीटर. म्हणजे दोन वर्षांपूर्वी दुचाकीवर गाठलेल्या वेगाच्या साधारण एक तृतीयांश!

राइट बंधूंशी वाद नेमका काय होता?

राइट बंधूंना १९०६ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले होते. विमानाचा तोल डावी-उजवीकडे सांभाळण्यासाठी ते पंखांना पीळ देत. कर्टिस यांच्या विमानांत पंख ताठ असत आणि फक्त टोकाची पाती हलत. यंत्ररचना वेगळी आहे, सबब हे उल्लंघन नाही, असा कर्टिस यांचा पवित्रा होता. रचना कोणतीही असो, तोल साधण्याचे तत्त्व आमचे आहे, अशी राइट बंधूंची भूमिका होती. आपल्या कामाची माहिती या मंडळींनी मोकळेपणाने मिळवली आणि मग धंदा मांडला, हा त्यांचा राग होता.

१९०९ मध्ये खटला सुरू झाला. १९१२ मध्ये विल्बर राइट यांचे टायफॉइडने निधन झाले. जानेवारी १९१४ मध्ये अपिलातही निकाल राइट यांच्या बाजूने लागला. कायद्याच्या पातळीवर कर्टिस हरले होते. मात्र त्याच काळात त्यांचे काम थांबले नव्हते. मे १९१० मध्ये त्यांनी अल्बनी ते न्यूयॉर्क उड्डाण करून १० हजार डॉलरचे बक्षीस जिंकले. १९१० आणि १९११ मध्ये त्यांच्याच विमानांनी युद्धनौकेवरून पहिले उड्डाण आणि युद्धनौकेवर पहिले अवतरण केले. दोन्ही वेळा वैमानिक होते यूजीन एली. जानेवारी १९११ मध्ये कर्टिस यांनी सॅन दिएगो येथे पाण्यावरून उडणारे विमान यशस्वी केले.

१९१४ चा ‘स्वॅप’ वादग्रस्त का ठरला?

याच लढाईतून कर्टिस यांच्या आयुष्यातले सर्वात वादग्रस्त प्रकरण घडले. स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युअल लँगली यांचे ‘एरोड्रोम’ हे विमान १९०३ मध्ये दोनदा पोटोमॅक नदीत कोसळले होते. दुसऱ्या अपयशानंतर नऊच दिवसांनी राइट बंधू उडाले. १९१४ मध्ये स्मिथसोनियनने हे जुने विमान कर्टिस यांच्याकडे सोपवले आणि दुरुस्तीसाठी दोन हजार डॉलर दिले. लँगली यांचे विमान मुळात उडण्याजोगे होते असे सिद्ध झाले असते, तर संस्थेची प्रतिष्ठा सावरणार होती आणि राइट यांच्या पेटंटचा व्यापक दावा कमकुवत करण्याची संधी कर्टिस यांना मिळणार होती.

मे १९१४ मध्ये हॅमंड्सपोर्टच्या तलावावरून ‘एरोड्रोम’ने थोड्या अंतराच्या झेपा घेतल्या. पण ते पूर्वीचे विमान राहिले नव्हते. खाली तरंगण्यासाठी फ्लोट आले होते. पंखांची रचना आणि त्यांना आधार देणाऱ्या तारा यांत बदल झाले होते. पुढे तर मूळ इंजिन बाजूला ठेवून कर्टिस यांचे इंजिन बसवण्यात आले. चाचण्या संपल्यावर विमान पुन्हा १९०३ च्या रूपात आणले गेले आणि मानवाला घेऊन उडण्यास सक्षम असलेले पहिले विमान म्हणून स्मिथसोनियनमध्ये मांडले गेले.

ऑरव्हिल राइट संतापले. त्यांनी १९२८ मध्ये आपले ऐतिहासिक विमान लंडनच्या सायन्स म्युझियमला पाठवले. १९४२ मध्ये स्मिथसोनियनने बदलांची यादी प्रसिद्ध करून चूक मान्य केली. त्यानंतर, ऑरव्हिल यांच्या निधनानंतर, १९४८ मध्ये ते विमान अमेरिकेत परतले.

कारखान्याच्या दृष्टीने कर्टिस यांनी नेहमीचेच काम केले होते. बंद पडलेले यंत्र आले, जे कमी होते ते घातले आणि चालू करून दाखवले. गॅरेजमध्ये याला कौशल्य म्हणतात. पण इथे प्रश्न यंत्र चालते का, हा नव्हता. ते मूळ रूपात चालले असते का, हा होता. बदललेल्या यंत्राचे यश मूळ यंत्राच्या खात्यावर मांडले गेले, तिथे कसबाचे रूपांतर दिशाभुलीत झाले. १९०७ च्या मोटारसायकलबद्दल असा आक्षेप कधी आला नाही, कारण त्या गाडीत काय बसवले आहे हे सगळ्यांसमोर उघड होते.

पुढे काय झाले? भारताशी काय संबंध?

पहिल्या महायुद्धाने पेटंटचा तिढा सोडवला. १९१७ मध्ये सरकारच्या पुढाकाराने अमेरिकी विमान उत्पादकांनी पेटंट एकत्रित वापरण्याची व्यवस्था मान्य केली. कर्टिस कंपनीच्या जेएन-४ ‘जेनी’ विमानावर हजारो वैमानिक घडले. त्याचे ९० हॉर्सपॉवरचे ओएक्स-५ इंजिनही व्ही-८ होते, फक्त पाण्याने थंड होणारे. युद्धानंतर ही इंजिने स्वस्तात मिळू लागली आणि इतर अनेक कंपन्यांच्या विमानांवर बसली. मे १९१९ मध्ये कर्टिस यांच्या कंपनीने बनवलेल्या एनसी-४ या सागरी विमानाने टप्प्याटप्प्याने अटलांटिक महासागर ओलांडला.

कर्टिस मात्र विमान उद्योगातून बाजूला होत गेले. फ्लोरिडात त्यांनी हायलिया, मायामी स्प्रिंग्ज आणि ओपा-लोका ही गावे वसवण्यात भाग घेतला. १९२९ मध्ये कर्टिस आणि राइट या नावांच्या कंपन्या एकत्र येऊन ‘कर्टिस-राइट’ झाली. न्यायालयात एकमेकांशी झुंजलेली दोन नावे एका जोडचिन्हाने बांधली गेली! जुन्या भागीदाराने लावलेला एक दावा तेव्हाही सुरूच होता. त्याच्या कामासाठी गेले असताना त्यांना अपेंडिसायटिसचा त्रास झाला. शस्त्रक्रियेनंतर २३ जुलै १९३० रोजी बफेलो येथे वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पहिल्या इंजिनाचे भाग ज्या शहरातून मागवले होते, तेच हे शहर.

भारताशी या नावाचा दुवा जुळतो तो सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्यामुळे. त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने डिसेंबर १९४० मध्ये बेंगळुरू येथे ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ उभी केली, म्हणजे आजची ‘एचएएल’. तिथे सुरुवातीला जोडणी झालेल्या विमानांमध्ये कर्टिस-राइट कंपनीचे ‘हॉक’ हे लढाऊ विमान होते.

आजच्या बायकर्ससाठी याचा अर्थ काय?

भारतात इंजिन बदलणे ही केवळ हौसेची बाब नाही. इंजिन क्रमांक आरसीवर नोंदलेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत आणि इंजिन बदलायचे असल्यास परिवहन विभागाची परवानगी व नोंद लागते. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हीए’ अक्षरे असलेला विंटेज क्रमांक मिळू शकतो. मात्र त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात हवे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत.

म्हणजे जुन्या गाडीच्या मालकापुढे दोन वाटा आहेत. गाडी जशी होती तशी जपायची, किंवा तिला नवे काळीज देऊन पळवायची. दोन्हींत कष्ट आहेत आणि दोन्हींत आनंद आहे. कर्टिस यांचे आयुष्य सांगते ते इतकेच, की दुसरी वाट धरायची असेल तर नव्या ताकदीला पेलणारे सांधे आधी तपासावेत आणि काय बदलले ते लपवू नये.

कर्टिस यांची व्ही-८ मोटारसायकल आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. राइट बंधूंचे विमानही त्याच संस्थेकडे आहे.